ब्लूमिंग्टन-नॉर्मलपासून तास-दीड तासावर खरा काळोख कुठे मिळेल? (१२ ऑगस्टचा उल्कावर्षाव)

सायली_इलिनॉय | २८ जून २०२६

नमस्कार मंडळी,

आम्ही इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मलला राहतो. जुळी शहरं, दोन्ही मिळून वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर, आणि शहर संपलं की चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. अशा ठिकाणी चांदणं दारातच मिळेल असं वाटतं ना? सासूसासरे गेल्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातून आले. बाबांचं वय ७४, सगळा जन्म शेतीत गेला. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर मागच्या डेकवर खुर्ची टाकून बसले, बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "एवढा मोठा देश, आणि चांदण्या एवढ्याच?" त्यांनी मोजल्या होत्या. एकोणीस.

ते काही डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलंय की ऑगस्टमध्ये पर्सिड्स उल्का बघायला बाहेर पडायचं. चार कुटुंबं तयार आहेत, मुलं नऊ, सगळ्यात धाकटं चार वर्षांचं. विचारायचंय ते असं: जायचं कुठे? बुधवारी १२ तारखेलाच जायला हवं की शनिवारी १५ ला चालेल? दुर्बीण घ्यावी का? आणि सासूबाईंचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तिथे स्वच्छतागृह आहे का?

---

तिखटमीठ | २८ जून

वाचतेय. आम्ही लफायेटला, आमचीही हीच रड आहे.

---

धूमकेतू | २८ जून

सायलीताई, एकाच दमात सांगतो: मिडल फोर्क रिव्हर फॉरेस्ट प्रिझर्व्ह. पेनफील्ड नावाच्या लहानशा गावाजवळ, शँपेन काउंटीत. २०१८ साली त्याला इंटरनॅशनल डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, इलिनॉय राज्यात पहिला. दर्जा मिळवायचा म्हणजे उद्यानातले दिवे खाली तोंड करून, झाकण घालून, गरजेपुरतेच ठेवावे लागतात, आणि आकाश किती काळं आहे ते मोजून दाखवावं लागतं. तुमच्याकडून सव्वा ते दीड तास. ७४ नंबरच्या हायवेने शँपेन, तिथून ५७ ने उत्तरेला रँटूल, मग १३६ ने पूर्वेला.

दिवसाबद्दल: बुधवार. यंदा १२ ऑगस्टला अमावास्या आहे आणि उल्कावर्षावाचा जोरही १२ च्या रात्रीपासून १३ च्या पहाटेपर्यंतच. दोन्ही एका रात्री जुळणं नेहमीचं नाही. २०२५ मध्ये ऐन जोराच्या रात्री मोठा चंद्र डोक्यावर होता, निम्म्या उल्का त्याच्या उजेडात बुडाल्या. शनिवारपर्यंत थांबलात तर संख्या निम्म्याहून बरीच खाली आलेली असेल.

---

अण्णा_पिओरिया | २८ जून

धूमकेतूंचं ज्ञान मान्य, पण चार वर्षांचं पोर आणि ७४ वर्षांचे आजोबा घेऊन दीड तास जायचं, आणि रात्री दोन वाजता दीड तास परत यायचं? गुरुवारी सकाळी ऑफिस? रस्त्यात हरणं आडवी येतात, ती वेगळीच. आमच्या गाडीचं बॉनेट एकदा त्यांच्यापायी गेलंय.

त्यापेक्षा फंक्स ग्रोव्हला जा. तुमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटं. तिथल्या शुगर ग्रोव्ह नेचर सेंटरला ट्विन सिटी अमॅच्युअर अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स ही तुमच्याच गावची हौशी मंडळी लोकांसाठी निरीक्षणाचे कार्यक्रम ठेवतात. मोठ्या दुर्बिणी, समजावून सांगणारी माणसं, सगळं मिळतं. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

---

धूमकेतू | २९ जून

अण्णा, फंक्स ग्रोव्ह मलाही आवडतं. शनीची कडी आणि तारकागुच्छ बघायला जरूर जावं, त्या मंडळींचं काम फार मनापासून आहे. पण या रात्रीसाठी नको म्हणतो, आणि त्याला कारण दिशेचं आहे.

पर्सिड्स ज्या बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात तो ययाती तारकासमूहात. ययाती ऑगस्टमध्ये उगवतो ईशान्येला. फंक्स ग्रोव्ह शहराच्या नैऋत्येला आहे. म्हणजे तिथे उभं राहून ईशान्येकडे तोंड केलं की बरोबर समोर ब्लूमिंग्टन-नॉर्मलच्या उजेडाचा घुमट. मिडल फोर्कला उलट आहे: शँपेन-अर्बानाचा उजेड नैऋत्येला, रँटूलचा पश्चिमेला, डॅनव्हिलचा आग्नेयेला. ईशान्य बाजू मोकळी राहते.

जागा निवडताना लोक फक्त शहरापासूनचं अंतर बघतात. शहर पाठीमागे ठेवायचं की समोर, हे अंतराइतकंच महत्त्वाचं.

---

अण्णा_पिओरिया | २९ जून

हे मी खरंच लक्षात घेतलं नव्हतं. मग शहराच्या उत्तरेला कॉमलारा पार्क? एव्हरग्रीन लेकच्या काठी. शहर दक्षिणेला पडतं.

---

धूमकेतू | २९ जून

ययातीसाठी चालेल. पण दक्षिणेला धनु राशीतला आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग असतो, तो शहराच्या उजेडात जाईल. आजोबांना आकाशगंगा दाखवायची असेल तर मन लावून पूर्वेला जाच.

---

रँटूलकर | २९ जून

नावावरून कळलं असेल, मी मिडल फोर्कपासून वीस मिनिटांवर राहतो. चार वेळा गेलोय.

आधी सासूबाईंना सांगा: कॅम्पग्राउंड आहे आणि तिथे स्वच्छतागृहं आहेत. अण्णांच्या काळजीवरही हाच उपाय. रात्री परतायचंच नाही. तंबूची जागा आरक्षित करायची, मुलं पेंगली की आत टाकायची, मोठ्यांनी पहाटेपर्यंत बघायचं. मुक्काम नसेल तर रात्री किती वाजेपर्यंत थांबू देतात ते आधी फोन करून विचारून घ्या, फाटकाशी जाऊन चर्चा नको.

माझा अनुभव: पहिल्या वेळी आम्ही साडेआठला पोचलो, साडेनऊला "काही विशेष नाही" म्हणून निघालो. ऑगस्टच्या मध्यावर इथे सूर्य आठच्या जरा आधी मावळतो, पण काळोख पुरता व्हायला पावणेदहा होतात. शिवाय डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात कुणी फोन उघडला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही नाटक सुरू व्हायच्या आधीच उठून आलो होतो. दुसऱ्या वेळी अकरापर्यंत थांबलो. आकाशगंगा आधी ढगच वाटली. बायको म्हणाली, "आभाळ येतंय वाटतं." पाच मिनिटांनी लक्षात आलं की तो ढग हलत नाहीये.

---

मृगनक्षत्र | ३० जून

"ढग हलत नाहीये"... अंगावर काटा आला.

एक सूचना माझ्याकडून. वाटेतच एखाद्या शेतरस्त्यावर गाडी लावून बघायचा मोह होतो, तो आवरा. आम्ही एकदा तसं केलं. मैला-मैलावर काटकोनात कापणारे खडीचे रस्ते, कुत्रंसुद्धा नाही. वीस मिनिटांत गस्तीची गाडी आली. अधिकारी सभ्य होता, पण त्याने बॅटरी तोंडावर मारली आणि मुलगा रडायला लागला. कुणा शेतकऱ्यानेच कळवलं होतं, आणि त्याचं चूक काय? आपल्या बांधावर रात्री अनोळखी गाडी दिसली तर आपणही विचारू.

पुढच्या वेळी मी दिवसा जाऊन त्याच शेतकऱ्याचं दार वाजवलं, काय बघायचंय ते सांगितलं आणि बेसनाचे लाडू दिले. त्याने धान्याच्या कोठाराजवळची मोकळी जागा दिली आणि अंगणातला मोठा दिवाही आमच्यासाठी बंद केला. आता दरवर्षी तोच विचारतो, यंदा कधी येताय.

---

तिखटमीठ | ३० जून

लाडवांनी विझवलेला दिवा! हे मात्र फक्त आपल्याकडूनच होऊ शकतं.

---

ऋचा_७ | ३० जून

दुर्बिणीच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते. उल्कांसाठी दुर्बीण अजिबात नको. उल्का सगळ्या आकाशभर कुठेही पडते आणि सेकंदात संपते. दुर्बीण आकाशाचा नखाएवढा तुकडा दाखवते. पाठीवर झोपायचं आणि डोळे मोकळे सोडायचे.

आम्ही मुलीच्या वाढदिवसाला ऑनलाइन एक दुर्बीण घेतली होती. पेटीवर मोठ्या अक्षरात "५२५ पट". तिपाई इतकी लेचीपेची की श्वास सोडला तरी चंद्र चौकटीतून पळायचा. मुलगी आठवडाभरात कंटाळली आणि तिला वाटलं की आकाशच कंटाळवाणं आहे. त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर कळलं की भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण दोन पट, ही उपयोगी वाढीची मर्यादा. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट डोक्यावरून पाणी, ५२५ कुठून?

काही घ्यायचंच असेल तर १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, दहा पट वाढीची, भिंग ५० मिलिमीटरचं. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खालून देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) शोधून दाखवा. पुसट लांबट डाग दिसतो, पण तो उजेड तिथून निघून २५ लाख वर्षं झाली हे सांगितल्यावर आमच्या मुलीने द्विनेत्री माझ्याकडे परतच दिली नाही.

---

खडकवासला | १ जुलै

पुण्यातून जळफळाट नोंदवतो. :)

इथे ऑगस्टमध्ये पर्सिड्स म्हणजे फक्त वर्तमानपत्रातली बातमी. आकाश पावसाळी, आठवडा-आठवडा तारा दिसत नाही. आमच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासूनच्या संस्थेलाही पावसापुढे इलाज नाही. निरीक्षणाचा हंगाम सुरू होतो दिवाळीच्या आसपास, मुंबईकर वांगणीला जातात तेही तेव्हापासून. आपल्याकडेही आता पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला डार्क स्काय पार्क झालाय, जानेवारी २०२४ मध्ये. पण ऑगस्टमध्ये तिथेही ढगच.

आणि सायलीताई, यावरून एक लक्षात घ्या. तुमच्या सासऱ्यांनी जन्मभर आकाश बघितलं असेल, पण श्रावण-भाद्रपदातलं मध्यरात्रीचं आकाश त्यांनी फारसं बघितलेलंच नसणार. ते त्यांच्यासाठीही नवंच आहे.

---

सायली_इलिनॉय | १ जुलै

खडकवासला, हे वाचून बाबांना विचारलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडं मृग लागला की आकाश मिटलं, ते दसऱ्याला उघडायचं."

सगळ्यांचे खूप आभार. मिडल फोर्क जवळजवळ नक्की. बुधवारचं मात्र दोन घरांना जमेना.

---

मृगनक्षत्र | १ जुलै

अवांतर: १२ ऑगस्ट म्हणजे आषाढ अमावास्या, दीप अमावास्या. दिव्यांची पूजा करायची आणि दिव्यांपासून पळून अंधारात जायचं, एकाच दिवशी!

---

बबन_बफेलोग्रोव्ह | १ जुलै

दीप अमावास्या कसली, गटारी म्हणा! शीतपेटी मी आणतो.

---

रँटूलकर | १ जुलै

बबनराव, दारूबद्दल उद्यानाचे नियम आधी बघा. आणि परतायचं असेल तर सारथी कोरडाच हवा. त्या रस्त्यांवर हरिण दिसायला दोन्ही डोळे लागतात.

---

बबन_बफेलोग्रोव्ह | १ जुलै

मान्य. शीतपेटीत कैरीचं पन्हं.

---

धूमकेतू | २ जुलै

शनिवार १५ ची बाजूही मांडतो, मी आधी जरा एकांगी बोललो. त्या संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर आणि शुक्र जवळजवळ असतील, शुक्र तेव्हा सूर्यापासून सगळ्यात दूर गेलेला असतो. लहान मुलांना हे दृश्य उल्कांपेक्षा पटकन कळतं. कोर लवकर मावळते, म्हणजे नंतर काळोख आहेच. दहाच्या सुमारास पूर्वेला शनी उगवेल. आकाशगंगा दोन्ही दिवशी सारखीच. कमी असतील त्या फक्त उल्का.

बुधवारी जाणाऱ्यांना सांगतो, मुलांसाठी दहा ते अकरा हा तास सोडू नका. तेव्हा ययाती क्षितिजालगत असतो, उल्का कमी पडतात, पण वातावरणाला घासून जाणाऱ्या लांबच लांब उल्का त्याच वेळी दिसतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढत जातात. संख्येचा जोर मध्यरात्रीनंतर, पहाटे तीन-चारला सगळ्यात जास्त. चांगल्या काळोखात तासाला पन्नास-साठ दिसू शकतात.

हे सगळे कण स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या मागे राहिलेली धूळ, बहुतेक वाळूच्या खड्याएवढे. वेग सेकंदाला ५९ किलोमीटर. तो धूमकेतू १३३ वर्षांनी येतो, शेवटचा आला १९९२ मध्ये. माझ्या नावाचं मूळ तेच, तेव्हा मी आठवीत होतो.

---

तिखटमीठ | २ जुलै

सामानाचं मी बोलते, ते माझं खातं.

पाठ टेकता येणाऱ्या घडीच्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी. मुलांना ताडपत्री आणि वर सतरंजी, कारण ऑगस्टमध्ये इथे दव इतकं पडतं की पहाटे चादर पिळावी. आजूबाजूचा सगळा मका दिवसभर हवेत पाणी सोडत असतो, त्याची ही कृपा. दिवसा ३० अंश असेल तरी पहाटे स्वेटर लागतो, आजोबांची माकडटोपी विसरू नका. डासांचं मलम, पायभर मोजे आणि पँट मोज्यात खोचून, कारण गवतात गोचीड असतात. घरी आल्यावर मुलांचे पाय आणि कानामागे नीट तपासायचं, यात आळस नको.

बॅटरीवर जिलेटिनचा लाल कागद दुहेरी करून रबरबँडने बांधा. लाल उजेडाने डोळ्यांची सवय मोडत नाही. आणि गाडीचे दिवे! दार उघडलं की आतला दिवा लागतो, किल्लीचं बटण दाबलं की पुढचे. आदल्या दिवशीच सेटिंगमधून बंद करून ठेवा, नाहीतर अंधारात चाळीस माणसं एका आवाजात ओरडतात. मला ओरडा बसलाय.

खायला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या. कुरकुरीत काही नको, शांततेत चिवड्याचा आवाज फार होतो. उरलेलं गाडीत कुलपात ठेवा, रकून पिशव्या उघडतात.

---

अण्णा_पिओरिया | ३ जुलै

चिवड्याला बंदी मान्य नाही, बाकी सगळं मान्य.

ढगांचं काय? दीड तास जाऊन आभाळ निघालं तर? २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथपर्यंत आला होता, ढग नसतानाही तारे गायब.

---

रँटूलकर | ३ जुलै

दोन दिवस आधीपासून क्लिअर स्काय चार्ट बघा. ढग, हवेची पारदर्शकता, धूर, तासातासाचं वेगवेगळं दिसतं. बुधवारी आणि शनिवारी दोन्ही दिवशी जागा आरक्षित करा, एक रद्द करायची तयारी ठेवून.

---

ऋचा_७ | ३ जुलै

आणि आधी घराजवळ एक छोटी रंगीत तालीम करा. मुलं अंधाराला घाबरतात का, किती वेळ टिकतात, सासूबाईंना गारठा सोसतो का, ते कळेल.

---

सायली_इलिनॉय | १२ जुलै

तालीम केली, काल रात्री. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच झाली.

मृगनक्षत्रांचा लाडवांचा मंत्र वापरला. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या वडिलांचं लेक्सिंग्टनच्या बाजूला शेत आहे. आमच्या ईशान्येला, म्हणजे नॉर्मलचा उजेड पाठीमागे. (धूमकेतू, नकाशा उघडून आधी दिशा बघितली!) आठला पोचलो. बाबा आणि ते शेतकरी, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बाबा सरळ मक्यात शिरले, एक पान बोटांत धरून चोळलं, वास घेतला, मग वाकून ढेकूळ उचललं आणि दाबून फोडलं. काळी माती. त्यांनी नुसती मान हलवली. त्या गृहस्थांनीही हलवली. मग दोघं बांधावरून अर्धा तास हिंडून आले. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक.

जुलैत काळोख उशिरा होतो, साडेदहा वाजले. धाकटी दोन मुलं तोवर झोपली होती. पूर्वेला खूप दूरवर पवनचक्क्यांचे लाल दिवे एका तालात उघडमीट करत होते, तेवढाच काय तो उजेड.

बाबांनी आधी दक्षिणेला बघितलं आणि थबकले. "विंचू इतका खाली का बसलाय? ज्येष्ठा झाडाला टेकायला आलीय." मग वळून सप्तर्षीवरून ध्रुव शोधला. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवत मोजायला लागले. "आपल्याकडं दोन मुठी पुऱ्या भरत नाहीत. इथं चार." पुन्हा मोजल्या. पुन्हा चार. मी सांगणार होते की आपण किती उत्तरेला आलोय, पण त्यांनी आधीच ताडलं होतं. आईंना म्हणाले, "बघ, किती लांब आलोय आपण. आता कळलं." विमानात सोळा तास बसून जे कळलं नव्हतं ते!

नंतर अगस्तीबद्दल विचारलं. अगस्ती उगवला की पाणी निवळतं, असं त्यांचे आजोबा म्हणायचे. तो इथून कधीच दिसत नाही, क्षितिजाच्या वर येतच नाही, हे ऐकून थोडे हळहळले. मग डोक्यावरचा अभिजित दाखवला तेव्हा मान इतकी मागे टाकली की आईंनी खुर्ची धरली.

आकाशगंगा दिसली, पुसटशी. "अजून काळोख हवा," असं बाबाच म्हणाले.

तर ठरलं: बुधवारी १२ ला आम्ही दोन घरं, मुक्कामी, गुरुवारची रजा टाकलीय. शनिवारी सकाळी झेंडावंदन करून उरलेली दोन घरं, सोबत बाबा पुन्हा येणार म्हणतात. जागा दोन्ही दिवशीच्या घेतल्या.

---

धूमकेतू | १२ जुलै

मुठींनी ध्रुव मोजणारे आजोबा मला बुधवारी भेटायचे आहेत. मी शँपेनहून येतोय, तुमच्या शेजारची जागा बघतो. द्विनेत्री दोन आणेन.

---

रँटूलकर | १२ जुलै

मी पण. ढगांवर लक्ष ठेवून इथेच कळवत राहीन.

---

अण्णा_पिओरिया | १३ जुलै

बरं बाबा, हरलो. पिओरियाहून आम्ही दोघं. चिवडा घरीच ठेवतो.

---

सायली_इलिनॉय | १३ जुलै

या सगळे! आई बुधवारी संध्याकाळी निघण्याआधी घरी दिव्यांची पूजा करणार आहेत आणि गूळ घातलेले कणकेचे दिवे उकडून डब्यात घेणार आहेत, वर घालायला तूप वेगळं. तिथे पेटवायचे नाहीत, अंधारात नुसते खायचे. किती करू, असं विचारतायत. येणाऱ्यांनी डोकी कळवा.